योगावाल्या मॅडमचा हात

योगावाल्या मॅडमचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मध्य प्रदेशात आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यावर माझी बदली तिथल्या कचेरीत झाली. सौंसरहून रोजची बस, मग दिवसभर खुर्ची, परत बस. वर्षभरात कंबर पार कामातून गेली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, तीन महिने नेमानं व्यायाम करा, फरक पडला नाही तर मणक्यात इंजेक्शन द्यावं लागेल. ती सुई मला काही करून टाळायची होती. म्हणून सौंसरात बायकांसाठी कंबरदुखीचा योगवर्ग निघाला, तेव्हा पहिल्याच सकाळी जाऊन मी नाव लिहून दिलं.

मॅडमनी आडनाव वाचलं. मग गोड आवाजात विचारलं, "राहता कुठं जी तुम्ही?" मी मोहल्ला सांगितला. आम्ही बौद्ध; आमचा मोहल्ला गावाच्या कोणत्या टोकाला आहे, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. "अच्छा, अच्छा," मॅडम म्हणाल्या. हे "अच्छा, अच्छा" मी शाळेपासून ऐकत आले आहे.

व्यायाम दिसायला सोपा. पाठीवर झोपायचं, गुडघे उभे करायचे आणि कमरेखाली जी पोकळी राहते ती पोट आत घेऊन मिटवायची, कंबर जमिनीला टेकवायची. बरोबर जमतंय की नाही, हे आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून मॅडम प्रत्येकीच्या कमरेखाली तळहात सरकवत आणि सांगत, "दाबा माहा हात. अजून. हां, आता श्वास सोडा." एकेकीजवळ मांडी घालून बसत. माझ्यापाशी आल्या की उभ्याच राहत. "ताई, तुम्ही समजा का तिथं माहा हात आहे."

पहिले आठ दिवस वाटलं, घाईत असतील. नंतर लक्षात आलं, वर्गातल्या बारा जणींत हात आहे असं समजून घ्यायचं काम माझ्या एकटीच्याच वाट्याला होतं.

शेजारच्या सतरंजीवर रामाकोना गावाकडच्या संत्र्याच्या बागवाल्यांची सून असे. महिनाभरात ती खाली मांडी घालून बसायला लागली. "मॅडमच्या हाताले गुण आहे जी," ती मला सांगे. "तुम्हाले काहून फरक नाही पडून राहिला?" बाई मनानं वाईट नव्हती, पण माझ्या अंगाचा तिळपापड होई. माझी कंबर उलट जास्तच धरू लागली होती. बसमधून उतरताना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागे, आणि मागचे लोक चुकचुकत. डॉक्टरांचे तीन महिने संपत आले.

त्या सकाळी मॅडम आल्या आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या. मी म्हटलं, "समजून समजून थकली मी. हात ठेवा."

"अहो ताई, बाकीच्यायकडे पण पाहायचं आहे न मले."

"पाहून या. मी पडूनच आहे."

आणि मी खरंच उठले नाही. वर्ग सुटला. सतरंज्या गुंडाळून झाल्या. बायका जिन्यापाशी घुटमळत राहिल्या. बागवाल्यांची सून छताचा पंखा बघत होती. मॅडमनी हॉलचं कुलूप उचललं, परत खाली ठेवलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देणार नव्हते.

शेवटी त्या खाली बसल्या. हात कमरेखाली आला. मी रोजच्यासारखा जोर लावला.

"उलटं करून राहिल्या न तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "टाचा रेटून कंबर उचलून राहिल्या. असं नाही. बेंबी आत ओढा. आता दाबा."

मी दाबलं. वर्षभर आवळून बसलेली शीर सैल झाली आणि मी न ठरवताच मोठा श्वास सोडला. "हां, असं," त्या म्हणाल्या, अगदी बाकीच्या बायकांना म्हणत तशाच. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचाही आला नसेल. जवळपास तीन महिने रोज पहाटे उठून मी माझीच कंबर बिघडवली होती, आणि दुरुस्ती एवढीशी होती.

बोलायचं खूप होतं. सगळं जिभेवर आलंही होतं. पण मी चूपचाप पडून राहिले, कारण कमरेला बरं वाटत होतं आणि तो हात मला अजून थोडा वेळ तिथंच हवा होता. हे मी त्यांना कधी माफ करणार नाही.