काकांच्या कॉम्प्युटरचा संकल्प

माझ्या शहाणपणाचा किस्सा ऐकायचाय? मग आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडेल.

आमचे वसंतकाका पंचवटीत पौरोहित्य करतात. ऑनलाइन पूजांसाठी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून दिली. चालू केलं की काळ्या पडद्यावर भराभर ओळी धावायच्या. कीबोर्ड सापडला, कॅमेरा सापडला, डिस्क सापडली. काका कौतुकानं बघायचे. "हा याचा संकल्प. आपण नाही का, देश, काल, गोदावरीचा तीर, सगळं सांगूनच पूजेला बसतो?"

मला मात्र लाज वाटायची. "काका, हल्ली असलं कोणी दाखवत नाही," म्हणत मी ओळी लपवल्या आणि नुसतं गरगर फिरणारं चक्र ठेवलं. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू!

दोनच दिवसांनी दुबईच्या यजमानांचा गृहप्रवेश. नवरा-बायको कलश घेऊन नव्या घराच्या दाराबाहेर उभे. काका पडद्यावर दिसल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि मुहूर्त संपत आलेला. इकडे चक्र फिरतंय ते फिरतंयच.

काकांचा फोन येताच मी गंगापूर रोडवरून सुसाट निघालो. बंद केलं, चालू केलं. चक्र. डबा उघडून रॅम काढली, पुसली, बसवली. पुन्हा चक्र. काकांच्या साध्या बटणांच्या फोनवर यजमान कळवळले, "गुरुजी, हात भरून आले हो."

"रॅम गेली," मी ठोकून दिलं. "नवीन आणावी लागेल."

"ते राहू दे. तो संकल्प दाखव."

"काका, त्यात काही नसतं हो."

"दाखव म्हणतो ना!"

दाखवला. ओळी धावल्या, सगळं सापडत गेलं आणि शेवटची ओळ अडली. कॉम्प्युटर बॅकअपच्या डिस्कची वाट बघत होता. पूजांचे व्हिडिओ साठवायला ती मीच जोडली होती, आणि ती मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, असंही मीच त्याला बजावलं होतं.

मी हळूच खिशात हात घातला. डिस्क तिथेच होती. परवा जाताना मीच काढून नेलेली.

"अरे, पूजेतला देव खिशात घालून फिरतोस आणि वर रॅम गेली म्हणतोस?" काका.

डिस्क लावली, काका दिसले, मुहूर्त सांभाळला. तिकडे दूध उतू गेलं आणि इकडे मी घाम पुसला. तेवढ्यात काकूंनी प्रसाद हातावर ठेवत विचारलं, "काय रे, तुझ्या मोबाईलवर नसते का दिसले हे?"

माझा हात दुसऱ्या खिशाकडे गेला.

आता काकांकडे सगळ्या ओळी दिसतात. आणि मी दारात दिसलो की काकू पाणी नंतर देतात, आधी खिसे तपासतात.