चांगुणाआत्याने डोंगर चढायला लावला

माझी चांगुणाआत्या कुणाचा शब्द खरा धरायची नाही. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवायची. आई गेल्यावर मला वाढवलं तिनंच, आणि तिच्या संशयातून सुटलेला जगात मी एकटाच. तिला फसवलंही मीच.

दुष्काळाच्या सालापासून दिवस मावळला की मला दिसेनासं व्हायचं. नोकरी शेवगावला, आत्या पाथर्डीला, त्यामुळे लपून गेलं. त्र्याहत्तर साली भिंगारच्या आप्पासाहेबांची भागिरथी मला सांगून आली, तेव्हाही मी गप्प राहिलो. मुलगी मला फार आवडली होती. बघायला गेलो तर दिवेलागणीआधी एसटीचं निमित्त काढून मीच आमच्या माणसांना उठवलं.

वाटेत आत्या म्हणाली, "पोरगी पाटावरून उठलीच न्हाई. पायात खोट हाय."

तिनं निरोप धाडला, समदे मिळून डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालावर फिरायला जाऊ. फिरायला कसलं, तपासणीच ती! आप्पासाहेबांनाही ते कळत होतं, पण मुलीचा बाप काय बोलणार?

आम्ही दुपारी डोंगर चढू लागलो. पुढे आप्पासाहेब काठी टेकत, मागे भागिरथी, तिच्या पावलांवर नजर ठेवून आत्या, शेवटी मी. मुलगी तुरुतुरु चढत होती. त्यानं आत्याला जास्तच संशय आला.

"चपला काढून चाल गं, पोरी."

तिनं काढल्या. तशीही ती चांगली चालली. मग महालाला एक फेरी झाली, दुसरी झाली. ऊन पिवळं पडलं तसा मी सारखा सूर्याकडे पाहू लागलो.

"आत्या, चल ना आता."

"तुला रं कसली एवढी घाई?" तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे त्या डोळ्यांनी पाहिलं.

निघालो तेव्हा सूर्य टेकला होता. निम्म्या वाटेवर माझ्यापुढची पायवाट पुसली गेली. मी उभाच राहिलो.

"गोरक्ष, चाल की!" आत्यानं मला हाक मारली.

मला पाऊल टाकता येईना. आत्या जवळ आली, माझ्या डोळ्यांपुढून हात फिरवला असावा. मग म्हणाली, "पाव्हणं, खोट आमच्यातच निघाली."

"मला वाटलंच हुतं," भागिरथीचा आवाज आला. "बघायला आले तवा दिवा लावायच्या आधी घाई, त्यात उंबऱ्याला ठेचाळले. म्हनून तर डोंगरावर यायला मी व्हय म्हनले."

"मंग आता?" आत्यानं विचारलं.

"दिसत न्हाई, त्याला विलाज असंल. पन सांगितलं का न्हाई?"

लाजेनं अंग जळत होतं.

तिनं बापाच्या काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "हितं दगड हाय. हितं उतार हाय." प्रत्येक पावलाला सांगत तिनं मला डांबरी सडकेपर्यंत आणलं. तिथं काठी काढून घेतली, बापाला दिली आणि मागं न वळता भिंगारची वाट धरली.

पाथर्डीला एसटीतून उतरताना आत्यानं माझा दंड धरला.

"पोरगी लई चांगली हुती रं," ती म्हणाली.

कुणाला चांगलं म्हणताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.