चौतीस नव्हे, अडुसष्ट

त्या पाच महिन्यांत मी एक नोकरी सोडली, दुसरी धरली, पासपोर्टावर तीन देशांचे शिक्के मारून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहुणे आले. पाहुणे म्हणजे माझेच मायबाप. पण त्यांना आणायला मी विमानतळावर गेले होते आणि त्यांच्यासाठी नवी चादर घेतली होती, तेव्हा पाहुणेच म्हणायचं.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात. दिवाळी झाली की अर्ध्या घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. माझे मायबाप अठ्ठावीस वर्षं गेले. मी शेतकीची पदवी घेतली, पुढे शिकले, व्हिएतनामात ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत लागले, त्या वर्षी दोघांनी कोयते खाली ठेवले. ही गोष्ट मी कुणालाही, न विचारता, सांगते. मला तिचा गर्व आहे, आणि गर्व गिळून बसायचा माझा स्वभाव नाही.

तिकडची नोकरी वाईट नव्हती, पण दिवसभर कॉम्प्युटरवर नळ्यांचे नकाशे काढून मी कंटाळले होते. थायलंडच्या ईशान्येला एका साखर कारखान्यात ऊसतोडीवर देखरेख करायची जागा निघाली आणि मी अर्ज ठोकला. फोनवर दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर ते उखडलेच.

"कावून गं? तू उसात जाऊ नये म्हनून आमी ऊस तोडला. आन आता तूच उसात?"

"दादा, मी तोडणार न्हाई. तोडून घेणार हाय."

"म्हंजी मुकादम झालीस म्हन की!" ते म्हणाले आणि लई हसले. आमच्याकडे ऊसतोड्यांची टोळी नेणारा तो मुकादम, आणि त्याच्याबद्दल बरं बोलायची रीत नाही.

मग माझ्या पायाला भिंगरी लागली. व्हिएतनामातली खोली रिकामी केली, भांडीकुंडी मैत्रिणीच्या गळ्यात मारली, नव्या व्हिसासाठी लाओसला दोन खेपा घातल्या. नव्या नोकरीची अट एकच होती: पहिले तीन महिने परीक्षा. पास झालीस तर कायम, नाहीतर व्हिसा संपला, घरचा रस्ता. मी आपली शहाणी, कायम होणारच या भरवशावर तिसऱ्या महिन्यातली मायबापांची तिकिटं आधीच काढून ठेवली. दादांनी तर ते पारावर जाहीर करून टाकलं होतं. नोकरी गेली असती तर तोंड लपवायला आमचा बालाघाटचा डोंगरही पुरला नसता.

तिकडे बीडला मायच्या पासपोर्टाचं घोडं अडलं होतं. मशीनवर तिची बोटंच उमटेनात. तिथल्या बाईंनी हात धुवायला लावले, मलम चोळायला लावलं, पुन्हा ठेवायला सांगितलं. "रेघाच न्हाईत बाई, उसानं खाल्ल्या," माय त्यांना सांगत होती. सातव्या का आठव्या वेळी मशीनला दया आली.

आणि इकडे मी पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली.

लाओसहून तोडणाऱ्यांची टोळी यायची होती. दुसऱ्या दिवशीचं जेवण, पाणी, हातमोजे किती लागतील हे मला माझ्या साहेबांना कळवायचं होतं. संध्याकाळी पत्र्याच्या शेडसमोर ट्रक लागला. नवरा-बायकोच्या जोड्या उतरू लागल्या. गाठोडी, पातेली, चटया. अगदी आमच्यासारख्या. लहानपणी आमचा मुकादम जसा ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभा राहून मोजायचा, तशीच मी उभी राहिले आणि बोटांवर मोजलं. चौतीस. मोबाइलवर आकडा टाकला आणि शांत झोपले.

सकाळी चौतीस डबे आले आणि हातमोज्यांचे चौतीस जोड. पुढे उभ्या असलेल्या गड्यांनी ते घेतले. बाया बाजूला उभ्याच. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "चौतीस म्हणाली होतीस ना?" मी वर पाहिलं, पुन्हा मोजलं. अडुसष्ट माणसं होती.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटाच गडी आला तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडून मोळ्याही बांधते, त्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, आणि वहीत ती नसतेच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपसूक अंगात भिनलं होतं. पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन, समुद्र ओलांडून आलेल्या मी, मायच्या लेकीनं, चौतीस बायांना एका फटक्यात गायब केलं होतं. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. ती करायला बीड जिल्ह्याचंच माणूस लागतं.

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "हे मला तुझ्या अहवालात लिहावं लागेल. आणखी एक अशी चूक झाली तर मी तुला ठेवू शकणार नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते.

फोनवर दादांना सांगितलं तर त्यांना चूकच दिसेना. "बरूबरच मोजलंस की. चौतीस कोयतं म्हंजी चौतीस!" मग मायनं फोन घेतला.

"बायांना हातमोजं मिळालंच न्हाईत?"

"दुसऱ्या दिशी दिले, माय."

"म्हंजी एक दिस तसाच गेला त्यांचा," ती म्हणाली आणि म्हशीचं काहीतरी सांगू लागली. 

दुसऱ्या दिवसापासून मी टोळीच्या म्होरक्या बाईला धरलं. टोळी सांभाळायची ती एक बाईच होती, पन्नाशीची, हसरी आणि खट. तिच्या शेजारी बसून एकेका बाईचं नाव विचारून मी नवी यादी केली. माझी थाई भाषा अशी, की नाव विचारलं तर बाया वय सांगायच्या. तरी अडुसष्ट नावं झाली. पण दुसरं एक काम तसंच राहिलं होतं. हे लोक ऊस उंचावरून तोडत, वीतभर बुडखा जमिनीवर सोडून. खरी गोडी बुडाशीच असते, आणि बुडखा उंच राहिला की त्यातूनच येणारं पुढचं पीक, म्हणजे खोडवा, तोही नीट फुटत नाही. बुडखे खाली आणणं हेच साहेबांनी माझ्या परीक्षेत घातलं होतं. मी चित्रं दाखवली, तक्ते लावले, हातवारे केले. बाया हसून मान डोलवायच्या आणि पुन्हा वीतभर सोडायच्या. तिसरा महिना उजाडला आणि बुडखे जागचे हलले नव्हते. माझं काही खरं नव्हतं.

अशात मायबाप आले. बाजरीचं पीठ, कारळाची चटणी आणि ठेचा घेऊन. तिथला चिकट भात बोटांनी वळून पाहत दादा म्हणाले, "ह्यो भात हाय का डिंक?" मेकाँग नदी दाखवायला नेलं तर काठावर बराच वेळ उभे राहिले. "शहागडच्या पुलावरून गोदावरी दिसती, तशीच हाय. पर हितं वाळूचं ट्रक दिसंनात." मायचं लक्ष मात्र नदीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुजा ऊस दाव आता."

उसाच्या फडाच्या तोंडाशी कारखान्याची पाहुण्यांची वही होती. म्होरक्या बाईनं माझ्याकडून नावं विचारून दोन ओळींत दोघांची नावं लिहिली आणि दोघांना हातमोज्यांचा एकेक जोड दिला. मायनं वहीवर बोट ठेवलं.

"ह्यात मी कोंती?"

"ही वरची. खालचे दादा."

"येगळं येगळं?"

"हो, माय."

तिनं वही नीट निरखली. मग दादांना म्हणाली, "बगितलं का? तुमच्या वर हाय मी." दादा हातमोजे चढवू लागले.

फडात शिरल्यावर तिची नजर थेट जमिनीवर गेली. "आगं माय! साखर तर ह्या मातीतच ठिवून चालल्यात!" पदर खोचला आणि हात पुढे करून म्होरक्या बाईचा कोयता मागितला. तो आमच्यापेक्षा लांब होता. तिनं तो हातात तोलला, उलटा-सुलटा केला, कमरेत वाकली, डाव्या हातानं ऊस धरला आणि थेट मातीला टेकून एकच घाव घातला. मग दुसरा, तिसरा. शेंड्याचं वाढं छाटून ऊस मागे टाकत गेली. दादा तिच्या मागे मोळी बांधायला बसले. दोघांच्या कामात मोळी बांधणं हे कायम मायचं असायचं. अठ्ठावीस वर्षांत तिनं तोडलेल्या उसाची मोळी दादांनी बांधलेली मी कधी पाहिली नव्हती.

बाया गोळा झाल्या. मायनं सरळ मराठीतच सुरुवात केली. "कंबर वाकीव बाई, कंबर! आन कोयता असा ताठ नगं धरूस, आडवा धर." म्होरक्या बाईला एक शब्द कळत नव्हता. ती वाकली, कोयता आडवा धरला आणि घाव मातीला लागला. मायनं तिच्या पाठीवर थाप मारली. दोघी कोण कोणाला हसत होत्या देव जाणे.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांनी बुडखा पाहिला, खाली बसून त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "या कोण?"

मुलाखतीत मी 'शेतकरी कुटुंबातली' असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, दोन एकर खडकाळ रान होतंच आमचं. पण त्या फडात मला ते अपुरं वाटलं, आणि माझा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "ही माझी आई. अठ्ठावीस वर्षं ऊस तोडलाय तिनं. हे माझे वडील. त्यांनीही."

साहेब उठले आणि दोघांना हात जोडून, खाली वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाले, "उद्या पुन्हा येतील का, विचार."

माय चार दिवस फडात गेली. तिचा मान ठेवून बाया खालून तोडू लागल्या, आणि ती गेल्यावरही म्होरक्या बाईनं त्यांना पुन्हा वरून तोडू दिलं नाही. महिनाअखेरीस कायम झाल्याचं पत्र आलं. अहवालात माझी चूकही लिहिलेली होती, चौतीस आणि अडुसष्ट, दोन्ही आकड्यांसकट. ते पान मी जपून ठेवलं आहे.

पोळ्यानंतर मी रजेवर गावी गेले. मायच्या घरात आरशाशेजारच्या खिळ्याला ते हातमोजे टांगलेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आला. जुना मुकादम म्हातारा झाला होता, हा त्याचा पुतण्या. ओट्यावर बसला आणि वही उघडली.

"काकू, यंदा तरी येता का? तुमचा एक कोयता लिवतो."

माय सुपात बाजरी निवडत होती. "दोन लिही," ती म्हणाली.

"दोन कसं? दोघंच तर हाईत तुमी."

"म्हनूनच."

तो दादांकडे बघून हसला. दादा हसले नाहीत. "ती म्हनती तसं लिही रं," ते म्हणाले.

त्यानं दादांचं नाव लिहिलं. मायचं नाव त्याला ठाऊकच नव्हतं, ते विचारून खालच्या ओळीत लिहिलं. "आता येनार ना?"

मायनं सूप बाजूला ठेवलं, वही हातात घेतली आणि दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग वही त्याला परत दिली.

"न्हाई. आमाला कुटं जायचं न्हाई. आता खोड ते. पर दोन्ही येगळी येगळी खोड."

त्यानं आधी एक नाव खोडलं, मग दुसरं. मी चहा ठेवायला आत गेले.