रंगाखालचा जोड

ठिणगीला खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात तो वेल्डिंग करायचा, आणि स्वभावही त्या कामाला साजेसाच होता. भडकला की जवळच्यांनी चार पावलं मागं सरायचं, आणि थोड्या वेळानं तोच "चहा घेणार का रे?" म्हणून विचारायला यायचा. घरी बायको, एकुलती एक मुलगी, घरामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये शर्यतीची गाडी.

गाडी विकत आणलेली नव्हती. इंजिन भंगारातलं, चाकं भलत्याच गाडीची, पण सांगाडा मात्र ठिणगीनं एकेक नळी कापून, वाकवून, स्वतःच्या हातानं जोडलेला. गावाबाहेरच्या ट्रॅकवर अशा घरी बांधलेल्या गाड्यांच्या शर्यती होत. गाडी चालवायची मुलगी. एरवी ती इस्पितळाची रुग्णवाहिका चालवायची, त्यामुळे वेगाचं तिला कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती. रंगाचं काम बायकोच्या धाकट्या भावाकडे. हा मेव्हणा पेशानं रंगारी. दुकानाचं शटर असो की पाण्याचा टँकर, त्याच्या स्प्रे गनपुढे जे येईल ते नवं होऊन जायचं.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत गाडी एका वळणावर सरळ गेली आणि टायरच्या भिंतीवर आदळली. मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना ती म्हणाली, "बाबा, मी वळवली होती. पण ती वळलीच नाही."

ठिणगीचं काळीज अजून जागेवर आलेलं नव्हतं. भोवती ओळखीची माणसं होती. तो बोलून गेला, "वेग आवरला नाही ते सांग. गाडीला नावं ठेवू नकोस."

त्यानंतर त्या वळणाचा विषय घरात निघाला नाही.

हाड जुळलं, हात पूर्वीसारखा फिरू लागला, तशी गाडीही पुन्हा उभी करायला घेतली. सगळं सुटं केलं. वाकलेल्या नळ्या ठिणगीनं कापून नव्या घातल्या. ज्या सरळ होत्या त्या तशाच ठेवल्या. सांगाड्याला काळा रंग बसला. मग पत्रे घासून, पुट्टी भरून, प्रायमर मारून पिवळ्या रंगासाठी तयार झाले. शेडच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक ठिणगीच्या गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी मेव्हण्याच्या खिशात.

पहिली गोष्ट बॉनेटवर दिसली. मेव्हण्यानं पिवळ्याचा हात मारला आणि रंग ओला असतानाच एका कडेला फाटत गेला. मोहरीएवढे खड्डे, तळाशी प्रायमर दिसणारे. ठिणगी वाकून बघू लागला. खड्डे वाटेल तसे पसरलेले नव्हते. पंज्याची कड टेकावी तशी त्यांची एक कमान झाली होती.

"तेलकट हात लागलाय," मेव्हणा म्हणाला. "पुसल्यानंतर कुणीतरी टेकलंय इथं."

"कुणीतरी म्हणजे कोण? किल्ली तुझ्याकडे आणि माझ्याकडे. मी काल दिवसभर कामावर होतो."

"मग माझाच लागला असेल, दाजी. घासून परत मारतो." मेव्हणा एवढं बोलून पॉलिश पेपर शोधायला वळला.

इतक्या चटकन त्यानं चूक पदरात घेतली, तिथंच ठिणगीच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. एकदा गिऱ्हाइकानं निळ्याला आकाशी म्हटलं म्हणून अर्धं शटर रंगवून घरी आला होता. आणि आज स्वतःहून म्हणतो, माझाच हात असेल?

दुसरी गोष्ट स्टीअरिंग बसवल्यावर कळली. ठिणगीची एक सवय होती. नट पुरता आवळला की नट आणि बोल्टवरून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते, लपवता येत नाही. स्टीअरिंगचं ब्रॅकेट सांगाड्याला जिथं जोडलेलं होतं, तिथल्या दोन नटांवरच्या रेघा तुटल्या होत्या. नट घट्ट होते. कुणीतरी ते उघडून पुन्हा आवळले होते, आणि आवळणारा कसलेला होता.

ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला त्यानं आरसा धरला. तिथला नवा काळा रंग नखभर खरवडलेला. खाली वेल्डिंगचा जोड उघडा पडलेला.

त्या दिवसापासून ठिणगीचं जेवणात लक्ष लागेना. मोडतोड करायला आलेला माणूस नट पुन्हा आवळत नाही. चोरायला आलेला काहीतरी उचलून नेतो. हा कोण, जो येतो, उघडतो, बघतो, आणि सगळं जागच्या जागी ठेवून जातो? विचार करता करता त्याला एकच उत्तर सुचलं. माप घेणारा. कोणत्या नळीला किती जाड पत्रा, ब्रॅकेट कुठल्या कोनात, हे सगळं उतरवून नेणारा. आणि असली मापं हवी कुणाला असतील? हिरव्या गाडीवाल्यांना. मोठ्या गॅरेजची ती गाडी दर हंगामात पुढे असायची, पण वळणावर ठिणगीची गाडी तिला घाम फोडायची.

कारखान्यातल्या लेथवाल्यानं त्यात तेल ओतलं. सहज बोलावं तसा म्हणाला, "तुझा मेव्हणा काय हिरव्यांच्यात गेला का रे? परवा त्यांच्या गॅरेजात दिसला. पिशवी घेऊन बाहेर पडत होता."

ठिणगी तडक मेव्हण्याच्या घरी गेला. मेव्हणा अंगणात गन थिनरनं धूत बसला होता.

"हिरव्यांकडे कशाला गेला होतास?"

मेव्हण्याचा हात थांबला. "काम होतं."

"कसलं?"

"होतं एक. तुमच्या नुकसानीचं नव्हतं."

"पिशवीत काय होतं?"

"दाजी, घरात या, बसा. ताई कशी आहे?"

"ताईचं सोड. शेडची किल्ली दे."

मेव्हण्यानं दोन्ही खिसे चाचपले, पण ते चाचपणं वरवरचं होतं. "आत्ता जवळ नाही."

"मग कुणाकडे आहे?"

मेव्हण्यानं गन पुन्हा थिनरमध्ये बुडवली. ठिणगी भडकला. जे मनात साठलं होतं ते सगळं बाहेर आलं: घरभेदी, बहिणीच्या संसाराला लागलेली वाळवी, आणि आणखी बरंच, जे बोलताना त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. शेजारच्या खिडक्या उघडल्या. मेव्हण्यानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. गनचं तोंड फडक्यानं पुसत तो एवढंच म्हणाला, "बोलून झालं असेल तर जा, दाजी."

घरी येऊन ठिणगीनं बायकोला सांगितलं तर ती उलट त्याच्यावरच उखडली. "माझा भाऊ तसला नाही. तुम्हाला काय, रेडा व्याला म्हटलं तरी खरं वाटेल!" आणि मग जरा थबकून, भांडी आवरत, "थोडी कळ काढा की," असं पुटपुटली. हे पुटपुटणं ठिणगीला आवडलं नाही. घरातही पाणी मुरतंय, असं त्याला वाटू लागलं. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामाचा कैवार घेणारी ही पोर आज चकार शब्द बोलत नाही, याचंही त्याला नवल वाटलं. पण रागाच्या भरात त्यानं ते मनावर घेतलं नाही.

कुलूप बदलायचं नाही, चोर रंगेहाथ पकडायचा, असं त्यानं ठरवलं. एका सकाळी रोजच्यासारखा डबा घेऊन तो निघाला, गल्लीच्या टोकावरून मागं फिरला आणि शेडच्या मागच्या खिडकीपाशी आला. खिडकी त्यानंच बसवलेली, पण त्या वेळी तो सडपातळ होता. डोकं आणि खांदे आत गेले, पोट आडवं आलं. बराच वेळ तो अर्धा आत, अर्धा बाहेर असा लोंबकळत राहिला, आणि या अवस्थेत कुणी बघितलं तर चोर आपणच ठरू, या धास्तीनं कसाबसा आत पडला. भिंतीला टेकवलेल्या पिवळ्या पत्र्यांमागे बसून राहिला. नाकात प्रायमरची धूळ जात होती. शिंक दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं.

कुलूप निघालं. दार उघडलं. कुणीतरी आत येऊन दार लावून घेतलं.

मुलगी होती.

रात्रपाळी करून आलेली, अंगावर अजून रुग्णवाहिकेचा गणवेश. हातात मेव्हण्याची किल्ली आणि एक कापडी पिशवी. सरळ गाडीच्या पुढच्या भागाशी जाऊन ती गुडघ्यांवर बसली. पाना काढला, स्टीअरिंगचे ते दोन नट सोडवले, ब्रॅकेटमागे टॉर्चचा उजेड टाकला आणि ब्लेडनं काळा रंग हळूहळू खरवडू लागली. मध्येच थांबायची, बोटाचं टोक जोडावरून फिरवायची. ठिणगी बघत राहिला. हेच बोट तो स्वतः कारखान्यात प्रत्येक जोडावरून असंच फिरवायचा. तिला कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं.

शेवटी शिंक आलीच.

मुलगी दचकली, पाना खाली पडला. पत्र्यांमागून बाप उठून उभा राहिला.

"तू?" ठिणगी म्हणाला. "बॉनेटवरचा हात... तुझाच?"

"उठताना टेकला. मामाला त्याच दिवशी सांगितलं मी."

"आणि हे कशासाठी चाललंय? मला विचारायचं होतंस."

"मी काय विचारणार होते, बाबा?" तिचा आवाज चढला नाही. "तुमचा जोड तुटला होता का, असं? त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही सांगून मोकळे झालात. नंतर नळ्या बदलल्यात, पण हे ब्रॅकेट तसंच ठेवलंत. वर रंग मारलात. मी रोज बघायची आणि मला वाटायचं, याखाली तडा असेल तर? मला हातात स्टीअरिंग घेववत नव्हतं. रुग्णवाहिकेतसुद्धा वळण आलं की आधीच ब्रेकवर पाय जातो."

ठिणगीच्या नाकाला मिरच्या झोंबायला हव्या होत्या. आयुष्यात त्याच्या जोडावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. पण राग आला नाही. पोटच्या पोरीनं आपल्यावर संशय घ्यावा, आणि तोही इतके दिवस, शेजारच्या खोलीत झोपून, हे त्याला पेलवलं नाही. तो तिथंच जमिनीवर बसला.

"पिशवीत काय आहे?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

तिनं डबे बाहेर काढले. धातूतला बारीक तडा दाखवणारा फवारा होता. लाल रंग मारायचा, मुरू द्यायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरा मारायचा. तडा असला तर आत मुरलेला लाल पांढऱ्यावर उमटतो. "हिरव्यांकडे होता. मामा मागून घेऊन आला. तुम्हाला सांगू नको म्हणून मी त्याला शपथ घातली होती."

ठिणगीला अंगणातलं ते सगळं बोलणं एकेक करून आठवलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"आण इकडे," तो म्हणाला. "एवढंसं खरवडून भागायचं नाही. सगळा जोड उघडा करू."

दोघांनी मिळून ब्रॅकेटभोवतीचा रंग पार काढला. नवा कोरा रंग, पण ठिणगीनं हात आखडला नाही. लाल मारला, मुरू दिला, पुसला. वर पांढरा मारला आणि दोघं शेजारी शेजारी बसून त्या पांढऱ्याकडे बघत राहिले. कडेला एक गुलाबी छटा दिसली तेव्हा ठिणगी झटकन पुढं वाकला. पण तो नीट न पुसलेला डाग होता. त्यांनी पुन्हा पुसलं, पुन्हा मारलं. पांढरा पांढराच राहिला.

जोड धड होता.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ठिणगीला मुलीकडे बघवेना. आता ही खचणार, असं त्याला वाटलं. मुलगी मात्र जोडावरून एकदा बोट फिरवून म्हणाली, "म्हणजे ब्रेक मी उशिरा दाबला. पुढची चाकं घसरली, म्हणून वळली नाही."

"असेल. नसेलही. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. मग तिनं लांब श्वास सोडला. "पण हे बरं झालं. माझी चूक असेल तर ती मला सुधारता येते, बाबा. तुमची असती तर मी काय केलं असतं?"

संध्याकाळी ठिणगी मेव्हण्याकडे गेला. मेव्हणा शिडीवर चढून कुठल्याशा दुकानाची पाटी रंगवत होता. खाली उभं राहून ठिणगी म्हणाला, "चुकलं माझं. नको ते बोललो."

"तिनं सांगितलं वाटतं."

"मी पकडली. तू तेव्हाच का नाही बोललास? तोंडावर फेकायचं होतंस माझ्या."

"भाचीला शब्द दिला होता." मेव्हण्यानं ब्रश डब्यात बुडवला. "उरलेला रंग मी मारून देईन. तिच्यासाठी. बाकी आपलं बोलणं नको, दाजी."

त्यानं शब्द पाळला. बॉनेट असं चमकवलं की त्यात तोंड बघावं. दारं, मडगार्ड, मागचा भाग एकेक करून सांगाड्यावर चढले, आणि काम चालू असताना तो फक्त भाचीशी बोलायचा. पाना हवा असला तरी तिच्यामार्फत मागायचा. ठिणगी मुकाट्यानं पाना तिच्या हातात द्यायचा, मुलगी तो मामाला द्यायची. तिघं एकाच गाडीभोवती असूनही मधली जागा मैलभर वाटायची.

हंगामाच्या पहिल्या शर्यतीत मुलगी मधल्या घोळक्यात कुठंतरी आली. त्या वळणावर तिनं जरा लवकर ब्रेक दाबला, मागच्या गाड्या पुढे गेल्या, पण गाडी आपल्या पायांनी घरी आली. ठिणगीला तेवढं पुष्कळ झालं. पुढच्या शर्यतीत तिनं त्याच वळणावर ब्रेक थोडा उशिरा दाबला, आणि त्यापुढच्या वेळी ती वळणातून हिरव्या गाडीच्या अगदी पाठोपाठ बाहेर पडली.

मेव्हण्याचं तोंड मात्र उघडत नव्हतं. बायकोनं दोन-तीनदा मध्यस्थी करून पाहिली. दोघं ताटावर येऊन बसायचे, जेवायचे आणि उठायचे. थंडी पडू लागली तेव्हा एका दुपारी मेव्हणा मोडकी शिडी खांद्यावर घेऊन शेडच्या दारात उभा राहिला.

"हिचा एक पाय तुटलाय," तो म्हणाला. "जोडून मिळेल?"

ठिणगीनं काही न विचारता चष्मा चढवला आणि शिडी जोडून दिली. जोड थंड झाल्यावर तो म्हणाला, "आधी खाली ठेवून दाब देऊन बघ. तो फवाराही आहे अजून."

मेव्हण्यानं शिडी भिंतीला लावली आणि सरळ वरच्या पायरीपर्यंत चढून गेला. वरूनच म्हणाला, "दाजी, शेडचं छत गंजलंय तुमचं. रंगवायला हवं."

"मग रंगव की," ठिणगी म्हणाला.