सहा घरं, पाच काडतुसं

शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही रडतखडत. मोजायला शिकलो ते मिलिंग मशीनवर, इथे आखातात, वादी कबीर भागातल्या वर्कशॉपात. गिअरचे दात पाडायचे तर भोकांची एक प्लेट असते. पिन एका भोकातून काढायची आणि ठरलेली भोकं मोजून पुढच्यात बसवायची. नवा माणूस इथे हमखास चुकतो, कारण पिन ज्या भोकात बसलीय तेही तो मोजतो. ते मोजायचं नसतं. ते शून्य. त्याच्या पुढचं ते एक. चाळीस वर्षं मी असंच मोजत आलो आणि माझा एक दात कधी वाकडा गेला नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

वर्कशॉपचा मालक, म्हणजे माझा अर्बाब, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याला निशाणेबाजीचा नाद. कागदपत्रं सगळी रीतसर, डोंगराच्या पायथ्याशी क्लब आहे तिथे दर जुम्म्याला जायचा. पण त्याची बोटं सांध्यांत धरायला लागली आणि पिस्तुलाचा चाप ओढवेना. क्लबात शिकवायला एक निवृत्त बलुची फौजी होता. तो म्हणाला, सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्या. दर गोळीला घोडा, म्हणजे मागची हातोडी, अंगठ्यानं मागे घ्यावा लागतो, तसं सहा घरांचं सिलिंडर एक घर पुढे फिरतं, पण मग चाप नुसता बोट टेकवलं की सुटतो. अर्बाबला ते पटलं. शिवाय ते कमरेला लावता येतं. त्याच्या बापाच्या कमरेला खंजर असे, तसं आपल्याही कमरेला काहीतरी असावं, हे त्याच्या मनात होतंच.

दुकानदारानं दोन नग क्लबवर आणले, एक जुन्या बनावटीचं, एक नव्या. अर्बाबनं मला गाडीत घातलं. "उस्ताद, लोखंड तुझं. तू बोल."

फौजीनं दोन्ही रिकामी असल्याचं दाखवून माझ्यापुढे ठेवली. जुन्याचा घोडा ओढला तर चार वेळा टक् झालं, एकासारखं एक. आत कोणीतरी मन लावून कानस चालवली होती. नव्यात दोनच आवाज, आणि आत काहीतरी हलतं.

"हे घे," मी जुन्यावर बोट ठेवलं. "ते दुसरं खेळणं आहे. आत काय लटपटतंय?"

"चाचा, ती लटपट नाही, पट्टी आहे," फौजी म्हणाला. "चाप दाबाल तेव्हाच ती वर येते, आणि तिच्यातूनच घोड्याचा घाव काडतुसापर्यंत जातो. एरवी घोडा पोचतच नाही. जुन्यात अशी पट्टी नाही. घोडा थेट काडतुसावर टेकतो. त्याला नुसता धक्का बसला तरी गोळी सुटेल. आणि कमरेला असेल तर सुटून जाणार कुठे? मांडीत."

"मग माणसं इतकी वर्षं वापरतात कशी?"

"सहा घरांत पाचच भरतात. घोडा रिकाम्या घरावर टेकवतात."

अर्बाब हसला. "कॉफीचं फिंजान तरी काठोकाठ भरून कोण देतं? पाच बस झाल्या."

"जितके पार्ट जास्त, तितकं बिघडायला जास्त," मी म्हणालो. "जुन्यात सरकायला, हलायला काही नाहीच. हेच घे."

फौजीनं मग भरायची रीत सांगितली. एक भरा, एक सोडा, चार भरा, मग घोडा पूर्ण मागे घेऊन सावकाश खाली टेकवा. रिकामं घर बरोबर त्याच्याखाली येतं. त्यानं ते पुन्हा सांगायला घेतलं, तेव्हा मी म्हणालो, "पोरा, मी दात पाडणारा माणूस आहे. मला मोजायला शिकवतोस?"

भरायची वेळ आली तर अर्बाबच्या बोटांतून काडतूस दोनदा निसटलं. त्यानं पेटी माझ्याकडे सरकवली. फौजी म्हणाला, परदेशी माणसानं हात लावायचा नसतो.

"ती माझीच बोटं आहेत," अर्बाब म्हणाला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून फौजीला कोणी हाक मारली आणि तो पाठमोरा झाला.

मी पेटीतून पाच काडतुसं मोजून घेतली आणि पहिलं घातलं. हात ज्या घरावर होता ते घर, म्हणजे शून्य. पुढे एक भरा, भरलं. एक सोडा, सोडलं. आता चार भरायची, तर माझ्याकडे उरली होती तीन. पण घरंही तीनच उरली होती. पाच भरलेली, एक रिकामं, बेरीज बरोबर. मी घोडा मागे घेतला, सावकाश टेकवला आणि रिव्हॉल्व्हर अर्बाबच्या हातात दिलं.

घोड्याखाली भरलेलं घर होतं. रिकामं त्याच्या पुढे होतं. एक भरून लगेच सोडायचं होतं, मी दोन भरून सोडलं. तेव्हा मला याचा पत्ताही नव्हता.

अर्बाबनं ते उजव्या कमरेच्या चामडी म्यानात घातलं. घोडा म्यानाच्या वर उघडाच राहतो. टेबलापासून गोळी झाडायच्या रेषेपर्यंत खडीची वाट आहे. वाटेत लोखंडी खांब आहे, त्याला म्यान घासलं, घोडा लागून टण् असा आवाज आला. अर्बाबनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मग चष्मा पुसायला बाकावर बसला. बसताना ते मांडी आणि बाकाच्या मधे आलं, म्हणून त्यानं तळहातानं दाबून सारखं केलं. उठताना गुडघा धरला तसा पुन्हा खांबावरच रेलला. मी मागे उभा राहून कौतुकानं बघत होतो. वारा पडला होता. डोंगरावर एक बकरी होती, तीसुद्धा हलत नव्हती.

त्यानं रिव्हॉल्व्हर काढलं, घोडा ओढला. चार टक्. चाप दाबला.

टक्.

"तसंच धरा," फौजी म्हणाला. "तोंड समोर. हलू नका." काडतूस उशिरा पेटलं तर म्हणून थांबतात.

त्या शांततेत मी टेबलाच्या कडेवर बोटानं घरं मोजली. पहिल्यांदा माझ्या रीतीनं, मग फौजीच्या. रिकामं घर दोन वेगळ्या जागी आलं. खांब मला दिसत होता. बाकही.

मग फौजीनं खूण केली आणि अर्बाबनं उरलेल्या झाडल्या. पाच आवाज झाले. निशाण चांगलं लागलं होतं, अर्बाब खूश. फौजीनं पुंगळ्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या, पाच, पाचही वाजलेल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "चाचा, खराब काडतूस कुठाय?"

"सिलिंडर सरकलं असेल," मी म्हणालो. "जुनं आहे."

"मघाशी म्हणालात, यात सरकायला काही नाही."

अर्बाबचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो दुकानदाराला म्हणत होता, "हेच घेतो. दर जुम्म्याला माझा उस्ताद भरून देईल, मी लावून फिरेन. खलास. कागद आण."

दुकानदार गाडीकडे निघाला. मी आयुष्यात कोणापुढे, माझी चूक, असं म्हणालेलो नाही, बायकोपुढेही नाही. त्यानं गाडीचं दार उघडलं.

"सिलिंडर नाही सरकलं," मग मी म्हणालो. "घोड्याखाली भरलेलं होतं. मी तसं मोजलं."

अर्बाबचा हात उजव्या मांडीवर गेला. तिथेच राहिला. "कुठून कुठपर्यंत?"

"टेबलापासून तिथपर्यंत."

त्यानं वाट पाहिली, खांब पाहिला, बाक पाहिला. मग दुकानदाराला हाक मारून म्हणाला, "ते खेळणं दे."

त्यानंतर त्यानं मला क्लबवर नेलं नाही. ऐकतो की आता स्वतःच भरतो. दुखऱ्या बोटांनी पाव तास लागतो, पण पेटीला कोणाला हात लावू देत नाही. मीही, मला ने, असं म्हटलेलं नाही. वर्कशॉपात माझे दात अजून सरळ जातात.

त्या दिवशीचं एक मात्र मनातून जात नाही. निघण्याआधी दुकानदारानं जुनं रिव्हॉल्व्हर पुसून त्याच्या पेटीत ठेवलं आणि म्हणाला, सोहार शहरात एक गिऱ्हाईक आहे, कारखानदार, त्याला असलंच हवंय. मी फौजीला बाजूला घेतलं. "त्याला भरायची रीत कोणीतरी नीट सांगा."

"सांगू ना," तो पुंगळ्या डब्यात टाकत म्हणाला. "तुम्हालाही सांगितलीच होती, चाचा."