ढगवेडे मामा

आमच्या हिच्या मामांइतका ढगवेडा माणूस अख्ख्या अमिरातीत झाला नसेल, आणि पुढे होण्याची शक्यताही कमी आहे, कारण इथे मुळात ढगच कमी. शारजात त्यांचा कापडी शेडचा धंदा होता. इमारतींच्या आवारात मोटारींवर सावली धरायला तंबूसारखं छत ताणतात, ते. म्हणजे पोट सगळं उन्हावर, आणि जीव मात्र वादळावर. कुठे करडा ठिपका दिसला की कारागिरांना सुट्टी देऊन, दुकानाचं शटर ओढून हे गाडीतून त्या ठिपक्याच्या मागे. एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात त्यांनी बांधलेली शेड उडून शेजारच्या व्हिलातल्या स्विमिंग पूलवर जाऊन बसली. मालकाचा संतापलेला फोन आला, तर मामांनी आधी उत्साहाने विचारलं, "हवा किस तरफ से आया?" शेड त्यांनी फुकटात नवी बांधून दिली, पण वारा समुद्राकडून आला की वाळवंटातून, हे त्या गृहस्थाकडून वदवून घेतल्याशिवाय सोडलं नाही.

मोबाइलवरच्या हवामानावर त्यांचा विश्वास नव्हता. ते गच्चीवर जाऊन हवेचा वास घ्यायचे आणि "आज नक्की" म्हणून खाली यायचे. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. चुकून आलाच, तर पावसात गाडीचे वायपर लावायचे नाहीत, असा त्यांचा दंडक. "अहो जावईबापू, वर्षातून दोनदा येणारा पाहुणा. त्याला काय पुसून टाकायचं?" असं म्हणून ते धूसर काचेतून अंदाजाने गाडी हाकत. माझी मुलगी मागच्या सीटवरून "आजोबा, प्लीज, आय कान्ट सी एनीथिंग," म्हणायची. "तुला कशाला दिसायला हवं? गाडी मी चालवतोय," हे उत्तर.

या साऱ्यात मामी कधीच नसत. "ढग काय बघायचा? तो काय जावयासारखा दिवाळीला येतो?" म्हणून त्या घरीच थांबत. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या वेडाला ना विरोध केला, ना साथ दिली.

गेल्या मार्चमध्ये मामांनी धंदा विकला. मुलाने दोघांना पुण्याला कायमचं बोलावलं होतं. घरात कार्गोची खोकी भरली जात होती आणि नेमकं तेव्हाच मोठं वादळ आलं. वाऱ्याने रस्त्यावर खजुराच्या झावळ्या पसरल्या, शाळा ऑनलाइन झाल्या, मला ऑफिसने घरून काम करायला सांगितलं. दुपारी पाऊस ओसरला आणि मामांचा फोन आला. रास अल खैमाच्या डोंगरावर, जबल जैसवर, बर्फ पडलं होतं. "यल्ला, चला, खाली या."

खाली गेलो तर पुढच्या सीटवर चक्क मामी. मांडीवर थालीपिठांचा डबा, अंगावर दोन शाली. मी पाहतच राहिलो तशा म्हणाल्या, "परत कधी विचारणार हे? म्हटलं, चला."

मामा इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी आलो तेव्हा वरती कड्यावर पांढरी रेघ दिसली. पण मध्ये रस्त्याच्या उतारावर ओढ्याचं गढूळ पाणी आलं होतं. कडेला एक छोटी गाडी बंद पडून पाण्यात रुतलेली. आत केरळचं एक तरुण जोडपं, बाईच्या मांडीवर तान्हं मूल. पाणी दाराला लागलेलं. आमची गाडी उंच, आम्ही निघून जाऊ शकलो असतो. पलीकडे वरच्या वळणावर पोलिसांची गाडी उभी होती आणि रस्ता कधीही बंद होईल हे दिसतच होतं.

मामांनी एकदा त्या रेघेकडे पाहिलं, मग मामींकडे. मामी म्हणाल्या, "अहो, बाळ आहे."

मामांनी बूट काढले. शेड ताणायचे जाड पट्टे त्यांच्या डिकीत कायम असत. ते घेऊन साठी उलटलेला हा माणूस गुडघाभर पाण्यात उतरला, मागोमाग मी. मी बाळाला उचलून मामींकडे दिलं, त्यांनी ते शालीत गुंडाळलं. वरून एक अरब तरुण पिकअप घेऊन उतरत होता, त्याला मामांनी हात केला. पट्टे बांधले आणि "शुवय्या हबीबी, शुवय्या," असं त्याला सावकाश घ्यायला सांगत सांगत गाडी कोरड्यावर काढली. तोवर पोलिस खाली आला आणि म्हणाला, "बाबा, खलास. ऊपर बंद."

मामा बूट हातात घेऊन नुसते वर बघत उभे राहिले. त्या अरब तरुणाने विचारलं, "बाबा, बर्फ देखना था?" मामांनी मान हलवली आणि मामींकडे बोट दाखवलं. "इसको दिखाना था."

त्याने पिकअपचा मागचा फाळका पाडला. प्लॅस्टिकवर बर्फाचा ढीग होता, आईला दाखवायला घेऊन चालला होता तो. मामींनी डबा रिकामा केला, थालीपिठं त्या जोडप्याला आणि त्याला वाटून टाकली, आणि त्याने दोन ओंजळी भरून डब्यात बर्फ घातलं. मामींनी भीत भीत बोट लावलं. "अगंबाई, हे तर भाजतंय की," म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मामा बर्फाकडे बघत नव्हते.

परतीच्या वाटेवर एसी इतका वाढवला होता की माझे दात वाजत होते. तरी शारजा येईपर्यंत डब्यात पाणीच उरलं. मामी म्हणाल्या, "असू दे. पाहिलं ना मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी बांधायला मदत म्हणून गेलो. मामी बाल्कनीत कठड्याला टेकून उभ्या होत्या, आत चहा निवत होता. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. आतल्या मामांना म्हणाल्या, "अहो, आज काही येईल का हो?"

आकाश लख्ख निळं होतं. मामा बाहेर आले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "येईल की."

ते दोघं जाईपर्यंत तसे उभे असलेले मला पुष्कळदा दिसले. पण तोवर उन्हाळा लागला होता. एकही ढग आला नाही.