दहा गडी आणि पोतंभर जर्सी

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, बाळूने, मला फसवलं. तेही मीच पाडलेल्या वाट्यांत!

कुपवाडात पत्र्याच्या शेडपासून स्वतःचा कारखाना उभा केलेला माणूस मी. भाव ठरवायला मी आलो की भंगारवाले चहाला निघून जातात. पण ऐका. आमच्या गावाचा फुटबॉल संघ चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि त्याच आठवड्यात वाडीला वेगळी ग्रामपंचायत मंजूर झाली. गाव फुटलं! बाळू राहतो वाडीत. सकाळीच दारात हजर.

"अण्णा, संघात आमचाबी वाटा हाय."

"वाटा? सामनाच रद्द करतो!"

"का म्हणून? युगोस्लाव्हिया फुटत हुता, तवाबी त्यांचा चषक चाललाच की. मोबाइलवर बघितलंय मी."

(अख्खा देश फुटूनही चषक चालतो, आमचं तर एक गाव आणि एक वाडी!)

"बरं. रीतीनं करू. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं."

एका वाट्यात मी दहा खेळाडू टाकले. दुसऱ्यात उरलेला गोलकीपर (चेंडू आला की हा डोळे मिटतो) आणि बाळूला भुलवायला कोऱ्या जर्सींचं पोतं. नव्या कपड्यांचा त्याला लहानपणापासून सोस! त्याने पोतं उचललं. मी मिशीत हसलो.

रविवारी साताऱ्यात सामना, समोर महाबळेश्वरचा संघ. मी आदल्या दिवशी दुसऱ्या जर्सी घ्यायला गेलो, पण घासाघीस इतकी रंगली की दुकानदाराने शटरच ओढलं. माझे दहा गडी बनियनवर मैदानात!

पंच म्हणाले, "जर्सीशिवाय कुणी उतरायचं नाही."

कडेला बाळू पोत्यावर बसलेला. "घ्या की रं गड्यांनो! कोऱ्यांवर वाडीचं नाव छापून घेतलंय, तेवढं सोसा."

"खबरदार कुणी घातली तर!" मी गरजलो.

"आवं अण्णा, लय थंडी हाय," म्हणत दहाच्या दहा जणांनी पोत्यात हात घातले!

आता गावाचा संघ म्हणजे मी एकटा. तोंड मिटून बसावं की नाही? शेवटच्या मिनिटाला आमचा, म्हणजे आता वाडीचा, गडी चेंडू घेऊन गोंधळला आणि सवयीने मी बोंबललो, "डावीकडं मार, गाढवा!"

त्याने मारला. गोल! चषक वाडीला!

घरी बायकोला म्हटलं, "चुकलंच. मी स्वतःला कुठल्याच वाट्यात टाकलं नाही."

"बरं केलंसा. तो वाटा कुणी उचललाच नसता."

हे ती कशाच्या जोरावर बोलते? मला उत्तर पाहिजे. बाळूने द्यावं, पंचांनी द्यावं, पण आजच्या आज द्यावं!